दहाला माईक बंद : तालुक्याच्या गावात लोकसंगीताची संध्याकाळ कशी भरवावी

पहिल्या वर्षी आम्ही सगळं अगदी झोकात केलं होतं. साडेचार फूट उंच स्टेज, मागे भलामोठा फ्लेक्स, दोन्ही बाजूंना वरातीत लागतात तसल्या साउंडच्या भिंती, पुढच्या रांगेत पाहुण्यांसाठी सोफे. पत्रिकेवर वेळ साडेसहाची. पाहुणे आले पावणेआठला. मग दीपप्रज्वलन, स्वागतगीत, सत्कार, प्रास्ताविक, मनोगत असं करत करत गोंधळी मंडळींच्या हातात माईक आला तेव्हा नऊ वाजून गेले होते. दहाच्या सुमारास पोलिसांची गाडी कोपऱ्यावर येऊन थांबली. जो गोंधळ रात्रभर चालायचा तो पन्नास मिनिटांत गुंडाळला गेला, आणि त्यातही संबळाचा एक बोल धड कळला नाही, कारण बेसमधून नुसती धडधड येत होती. संबळ वाजवणारे काका जाताना एवढंच म्हणाले, "पोरांनो, आमाला तुमी लई लांब बसवलं."

खाली जे लिहिलंय ते त्यानंतरच्या चारपाच वर्षांच्या ठेचांमधून आलेलं आहे. मोठ्या शहरातल्या महोत्सवांची नक्कल करायची नाही आणि लोककलावंताला माणसांच्या जवळ आणायचं, एवढ्या एका गोष्टीभोवती सगळी कामं लावली की बरेच खर्च आपोआप कमी होतात. आमच्यासारख्या नगरपरिषदेच्या गावांत हे जमण्यासारखं आहे.

आधी माणसं किती ते ठरवा

दोनशे. फार तर अडीचशे. याहून जास्त माणसं पहिल्या वर्षी बोलवूच नका. शाहिराचा कमावलेला आवाज आणि डफाची थाप एवढ्या लोकांपर्यंत जवळजवळ माईकशिवाय पोचते. हजार माणसं आली की साउंड वाढतो, स्टेज उंच होतं, मग लाईट, मग बॅरिकेड, मग प्रायोजक, आणि प्रायोजक आले की भाषणं आली.

जागा बघायला जाल तेव्हा मधोमध उभं राहून एक जोरात टाळी वाजवा. टाळी तिथल्या तिथे मेली तर जागा चांगली. भिंतीवरून परत आली, घुमली, तर दुसरी जागा बघा. या कसोटीत मंगल कार्यालयं बहुतेक नापास होतात, कारण खाली फरशी, चारही बाजूंना टाइल्स. बाजार समितीच्या पत्र्याच्या शेडचं तर नावच नको. देवळापुढचं मोकळं अंगण, जुन्या वाड्याचा चौक, वडाखालचा पार, या जागा उत्तम. शाळेचं पटांगण फुकट मिळतं खरं, पण आधी पोलीस ठाण्यात विचारून घ्या. रुग्णालय, शैक्षणिक संस्था आणि न्यायालय यांच्याभोवतीचा १०० मीटरचा पट्टा शांतता क्षेत्र म्हणून जाहीर झालेला असेल तर तिथे ध्वनिवर्धक लावता येत नाही.

तारीख : पंचांग उघडून बसा

यात बहुतेक मंडळं चुकतात. हॉल कधी रिकामा आहे ते बघतात, कलावंत कधी रिकामा आहे ते बघत नाहीत.

तमाशाचे फड दसऱ्याला बाहेर पडतात ते वैशाखातल्या बुद्ध पौर्णिमेपर्यंत रस्त्यावरच असतात. चैत्र-वैशाखात गावोगावच्या जत्रा, तेव्हा चांगला ढोलकीवाला मिळणं अशक्य, मिळाला तर बिदागी दुप्पट. गोंधळी मंडळी तुळशीच्या लग्नानंतर लग्नसराईत अडकतात, मुहूर्ताच्या दिवशी त्यांना दोन-दोन घरी जायचं असतं. वाघ्या-मुरळी मार्गशीर्षात चंपाषष्ठीच्या आसपास मोकळे नसतात. भजनी मंडळातली निम्मी माणसं आषाढीला वारीत. गणपतीत तर कोणाचंच नाव काढू नका. फेब्रुवारी-मार्चमध्ये दहावी-बारावीच्या परीक्षा, तेव्हा स्पीकर लावलात तर शेजारचे आईबाप तुमच्या अंगावर येतील, आणि त्यांचं चुकणार नाही.

मग उरतं काय? आम्हाला सापडलेलं उत्तर म्हणजे पौषातला कृष्ण पक्ष. पौषात लग्नं फारशी लावत नाहीत, त्यामुळे गोंधळी मोकळे. पण पौष शुद्ध अष्टमीपासून पौर्णिमेपर्यंत शाकंभरी नवरात्र असतं, त्या दिवसांत देवीची मंडळी तुळजापूरला किंवा आपापल्या ठाण्याला गुंतलेली असतात. पौर्णिमा उलटली की ती परततात. साधारण जानेवारीत हा पंधरवडा येतो. फड मात्र या दिवसांत दौऱ्यावर असतात, तेव्हा लावणी हवी असेल तर हे गणित वेगळं.

या दिवसांत एक अडचण आहे, दवाची. तिच्याकडे पुढे येतो.

कलावंत कुठे शोधायचे

इंटरनेटवर शोधलंत तर 'लोककला ग्रुप' मिळतील, एकसारखे फेटे बांधलेले, ट्रॅकवर नाचणारे. ते वाईट असतात असं नाही, पण तो वेगळा धंदा आहे.

सगळ्यात खात्रीचा माणूस म्हणजे वाद्यं दुरुस्त करणारा. ढोलकीला पुडी (तोंडावरचं कातडं) बसवून देणारा, शाई (कातड्यावरचा काळा लेप) भरणारा, पखवाजाच्या वाद्या ताणून देणारा एखादा कारागीर तालुक्याला असतोच. चांगला वाजवणारा कोण, नुसता मिरवणारा कोण, कोणाची पुडी दोन महिन्यांत फाटते आणि कोणाची वर्षभर टिकते, हे त्याला तोंडपाठ असतं. आम्हाला दिमडीवाला असाच मिळाला. कारागिराकडे तासभर बसलो, चहा झाला, आणि त्याने वहीतून तीन नंबर काढून दिले.

दुसरी जागा म्हणजे लग्नघरं. कुठे गोंधळ आहे कळलं की यजमानांना विचारून मागे जाऊन बसा. स्टेजवरच्या वीस मिनिटांपेक्षा घरातल्या दोन तासांत माणूस कळतो. तमाशाचा फड किंवा त्यातली लावणी हवी असेल तर पुणे जिल्ह्यातलं नारायणगाव आणि सांगली जिल्ह्यातलं विटा इथे फडांच्या राहुट्या लागतात, सुपाऱ्या तिथेच ठरतात. ढोलकीफडाचा तमाशा (वग म्हणजे नाट्यासह पूर्ण खेळ) आणि संगीत बारी (मुख्यतः लावणीची मैफल) या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, एकाकडे दुसऱ्याची मागणी करू नका.

आपल्या भागात काय पिकतं ते आधी बघा. सिंधुदुर्गात दशावतार, रत्नागिरीकडे नमन आणि जाखडी, खानदेशात वही, विदर्भात दंडार आणि खडी गंमत, सांगली-सोलापूरकडे धनगरी ओवी आणि गजनृत्य, पालघरच्या वारली पाड्यांवर तारपा. शेजारच्या गावातला माणूस सोडून दोनशे किलोमीटरवरून 'नावाजलेलं' पथक आणायची हौस आम्हीही केली. जीपचं भाडं बिदागीएवढं झालं.

आणि ओव्या विसरू नका. पुण्याच्या गी पॉइतवाँ आणि हेमा राईरकर यांनी सहकाऱ्यांसह गावोगाव जाऊन जात्यावरच्या एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. म्हणजे तुमच्या गल्लीतल्या कुठल्यातरी आजीच्या पोटात पन्नास ओव्या नक्की आहेत. पण "आजी, ओवी म्हणा" म्हटलं की त्या हसून पदर तोंडाला लावतात. हातात खुंटा नसेल तर ओवी सुचत नाही. आम्ही खरं जातं आणलं, खाली सुती कापड अंथरलं, बाजूला सुपात ज्वारी ठेवली आणि दोन आज्यांना समोरासमोर बसवलं. पहिली पाच मिनिटं नुसतीच घरघर. मग एकीने माहेरची ओवी धरली, दुसरीने शेवटचं चरण उचललं, आणि पुढे त्यांना थांबवायची पंचाईत झाली.

सुपारी देताना काय बोलायचं

फोनवर ठरवू नका, घरी जा. पुढच्या गोष्टी वहीत लिहून घ्या आणि त्यांच्यासमोर वाचून दाखवा.

किती माणसं येणार? मुख्य गाणारा, झील धरणारे (मागून साथीला गाणारे), वाद्यवाले, गाडीचा ड्रायव्हर, सगळे मोजा. जेवण आणि मुक्काम त्यावर ठरतो. बिदागी किती, इसार किती, उरलेली कधी? पैसे म्होरक्याच्या हातात द्यायचे की प्रत्येकाला वेगळे? पथकाची वाटणीची रीत त्यांची त्यांना ठरवू द्या, पण झीलकऱ्याला काय मिळतं हे सहज विचारावं, उत्तर बोलकं असतं. कार्यक्रम पावसाने किंवा आपल्याकडून रद्द झाला तर काय? इसार त्यांचाच राहील, असं आम्ही आधीच सांगून टाकतो.

पट्टी (गाण्याचा मूळ सूर) कुठली? आमच्या हार्मोनियमवाल्याला वेळेवर कळलं की बाई काळी चारला गातात, तेव्हा ढोलकी तेवढी चढेना आणि वीस मिनिटं ठोकाठोकीत गेली. ढोलकीची शाईची बाजू गाणाऱ्याच्या सुराला लावावी लागते, त्यामुळे पट्टी आधी कळली तर वाजवणारा त्या बेताची ढोलकी घरूनच आणतो.

गोंधळ, जागरण यांच्या बाबतीत आणखी एक प्रश्न विचारायलाच हवा : चौक (देवीच्या पूजेची मांडणी) भरणार का? गोंधळ हा मुळात कुळाचार आहे. काही मंडळी कार्यक्रमात नुसती गाणी आणि आख्यान करतात, काही म्हणतात की चौक मांडल्याशिवाय, दिवटी पेटवल्याशिवाय तोंडातून शब्द निघणार नाही. दोन्ही ठीक. पण चौक मांडला की ती देवीची जागा झाली. मग त्या बाजूला चपला नाहीत, मधूनच उठून सेल्फी नाही, आणि "जरा लवकर आटपा" तर नाहीच. "तुमच्याकडे किती वेळ आहे?" असं त्यांनी विचारलं तर खरा आकडा सांगा आणि त्यात काय बसवायचं ते त्यांच्यावर सोडा. आमच्या काकांनी गण, देवदेवतांना गोंधळाला बोलावणं, एक छोटं आख्यान आणि आरती असं सव्वा तासात बसवलं. आम्ही कापायला बसलो असतो तर देवतांना बोलावण्याचा भाग लांबलचक म्हणून उडवला असता. लोक रंगले ते नेमके तिथेच, कारण गावोगावच्या दैवतांची नावं घेताना त्यांनी आसपासच्या प्रत्येक वाडीची देवी आणली आणि ज्याचं गाव आलं तो माणूस ताठ होऊन बसला.

कागदपत्रं

हा भाग कंटाळवाणा आहे, उरकून टाकू.

जागेच्या मालकाचं किंवा नगरपरिषदेचं ना-हरकत पत्र आधी. ते जोडून पोलीस ठाण्यात कार्यक्रमाचा आणि ध्वनिवर्धकाचा अर्ज, निदान पंधरा दिवस आधी, आणि अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर शिक्क्यासह पोच. पोच नसलेला अर्ज हा अर्ज नव्हे.

ध्वनी प्रदूषण (नियमन व नियंत्रण) नियम, २००० प्रमाणे रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर ध्वनिवर्धक चालत नाही. वर्षातून जास्तीत जास्त १५ दिवस १२ पर्यंत सूट देता येते, पण ते दिवस सण-उत्सवांचे म्हणून आधीच जाहीर होतात, तुमचा कार्यक्रम त्यात यायची शक्यता कमी. निवासी भागात दिवसाची मर्यादा ५५ डेसिबल, रात्रीची ४५. दोनशे माणसांसाठी जे लागतं त्यात शेजाऱ्यांची झोप मोडत नाही, पण समोरच्या चार घरांत आदल्या दिवशी जाऊन सांगून या आणि त्यांना पहिल्या रांगेत बसवा. तक्रार करणारा माणूस श्रोत्यांत बसला की तक्रार येत नाही.

वीज महावितरणकडून तात्पुरती जोडणी घेऊन किंवा जनरेटरवर. समोरच्या खांबावर आकडा टाकून देणारा उत्साही कार्यकर्ता प्रत्येक मंडळात असतो, त्याला दुसरं काहीतरी काम द्या.

वग किंवा संहिता असलेलं लोकनाट्य ठेवणार असाल तर त्या मंडळींकडे रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचं प्रमाणपत्र आहे का ते विचारा.

गाण्यांच्या हक्कांबद्दल बराच गोंधळ आहे (हा दुसरा गोंधळ). परंपरेने आलेल्या ओव्या, संतांची भारुडं, जुने पोवाडे यांवर कोणाचा हक्क नाही. भारतीय कॉपीराइट कायद्यात रचनाकाराच्या मृत्यूनंतर पुढच्या वर्षापासून ६० वर्षं हक्क राहतो. पठ्ठे बापूराव १९४५ साली गेले, त्यांच्या लावण्या आता मोकळ्या आहेत. अण्णा भाऊ साठे १९६९ साली गेले, म्हणजे त्यांच्या रचनांवर २०२९ अखेरपर्यंत हक्क आहे. लोकांना 'लोकगीत' वाटणारी बरीच गाणी प्रत्यक्षात चित्रपटातली किंवा कॅसेटवरची असतात. ती होणार असतील तर इंडियन परफॉर्मिंग राइट सोसायटीचा परवाना घ्या, किंवा सरळ त्या गाण्यांऐवजी दुसरी ठरवा. विनातिकीट कार्यक्रमात हौशी मंडळींच्या सादरीकरणाला कायद्यात सूट आहे, पण बिदागी घेणारा कलावंत हौशी धरला जात नाही.

पैसा

तिकीट लावू नका, निदान पहिली दोन वर्षं. तिकीट आलं की परवान्यांची यादी वाढते आणि माणूस पैसे वसूल करायला बसतो, ऐकायला नाही. आमच्याकडे चाळीस घरं ठरलेली रक्कम देतात. वर्गणी खुली गोळा करणार असाल तर महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० मधल्या कलम ४१-क खाली धर्मादाय आयुक्तांची परवानगी काढा, गणेश मंडळं काढतात तीच.

खर्चाचा आमचा नियम असा : जमलेल्या पैशांतले निम्मे कलावंतांच्या हातात. उरलेल्या निम्म्यात मांडव, साउंड, जेवण, गाडी, कागद. साउंडवाल्याला शाहिरापेक्षा जास्त मिळत असतील तर हिशेब फाडून पुन्हा मांडायचा. 'प्रसिद्धी मिळेल' म्हणून कमी पैशांत बोलावणं हा शुद्ध फुकटेपणा आहे. तुमच्या लग्नात केटररला प्रसिद्धीवर बोलावता का?

करांची धास्ती काही मंडळांना असते. लोककला किंवा शास्त्रीय कलेच्या एका सादरीकरणाचं मानधन दीड लाख रुपयांपर्यंत असेल तर कलावंताच्या त्या सेवेवर जीएसटी लागत नाही. आपल्यासारख्यांची मजल तिथपर्यंत जातच नाही.

मांडणी आणि आवाज

आता खरं काम. याच्यासाठी कार्यक्रमाच्या दिवशी दुपारी दोनपासून एक माणूस मोकळा ठेवा, ज्याच्याकडे बाकी काहीही दिलेलं नाही.

स्टेज एक फूट उंच. फक्त एवढंच की मागच्याला डोकं दिसावं. प्रेक्षक तीन बाजूंनी, पुढे सतरंज्या, मागे खुर्च्या, आणि पुढच्या सतरंजीपासून गाणाऱ्यापर्यंतचं अंतर पाच-सहा फूट. भारूड करणारा बोलता बोलता लोकांत उतरतो, कोणाच्या तरी मांडीवर बसतो, टोपी काढून घेतो, त्याला वाट लागते. त्यासाठी मधून एक बोळ सोडा.

लावणी असेल तर फळ्यांकडे स्वतः बघा. मंडपवाला पाट्या टाकतो, वर कार्पेट ठोकतो आणि निघून जातो. कार्पेटवर चाळांचा आवाज मरतो आणि पाय अडकतो. फळ्यांवर जाड प्लायवूड बसवून घ्या, कार्पेट काढून टाका. मग चपला काढून मी अख्ख्या स्टेजवर टाचा दाबत फिरतो, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, मग आडवा. दुसऱ्या वर्षी अशा फेरीत सात खिळे सापडले. एक माझ्या टाचेत. नाचणाऱ्या बाईच्या पायात काही किलोंचे चाळ असतात आणि ती सगळं वजन टाचेवर घेते, तिच्या पायाखाली तो खिळा आला असता तर काय, या विचाराने मी मंडपवाल्याशी जे बोललो ते इथे लिहिता येणार नाही.

साउंडवाल्याला सांगायच्या गोष्टी थोड्या आहेत, पण ठामपणे सांगाव्या लागतात. बेसचे डबे नकोत. दोन साधे स्पीकर, बसलेल्या माणसाच्या डोक्याहून थोडे वर, किंचित आत वळवलेले, गाणाऱ्याच्या रेषेच्या पुढे. एको बंद. हे तीनदा सांगा, कारण तुम्ही पाठ फिरवली की तो परत चालू करतो, त्याला तेच 'क्वालिटी' वाटते.

माईक कुठे? संबळाला या गर्दीत माईक लागतच नाही. हलगीलाही नाही, उलट हलगीवाल्याला मागे उभं करा. तुणतुण्याला मात्र हवा, अगदी जवळ, खालच्या पोकळ नळकांड्याजवळ, नाहीतर तो एकतारी सूर सगळ्यांच्या खाली दबतो आणि गाणाऱ्याचा आधारच जातो. ढोलकीला दोन : एक शाईकडे, एक धूमकडे (जाड आवाजाच्या तोंडाकडे). एकच माईक असेल तर शाईकडे झुकता ठेवा. शाहीर डफ उंचावून फिरतो, त्याला एका जागी उभं करण्यापेक्षा स्टँडवरचा एकच चांगला माईक द्या, कधी जवळ यायचं आणि कधी लांब जायचं हे त्याला उपजत कळतं. झीलकऱ्यांना तिघांत एक माईक, हातभर अंतरावर. जात्यासाठी एक माईक जमिनीलगत आडवा ठेवा. ती घरघर पकडली गेली की ओवी अर्धी जिंकली.

कलावंतांकडे तोंड केलेला एक छोटा स्पीकर विसरू नका. स्वतःचा आवाज ऐकू आला नाही की माणूस ओरडतो, आणि ओरडला की दुसऱ्या गाण्याला घसा बसतो.

आता दव. दिमडी, डफ, हलगी यांचं कातडं गारठ्यात आणि दवात सैल पडतं, बोल बसका होतो. वाजवणारे ते विस्तवावर शेकून घेतात. पहिल्या वर्षी आमच्याकडे काहीच नव्हतं, दिमडीवाला पोरगा मागे जाऊन हॅलोजनसमोर दिमडी धरून उभा होता. आता स्टेजमागे, कनातीपासून सुरक्षित अंतरावर, कोळशाची शेगडी आणि शेजारी वाळूची बादली ठेवतो. दर वीस मिनिटांनी वाद्य शेकायला जायचं असतं, त्यामुळे क्रम लावताना त्याला तेवढी उसंत मिळेल असं बघा. आजकाल फायबरचं पान बसवलेली वाद्यं येतात, त्यांना शेकावं लागत नाही. आवाजात फरक पडतो, पण कोणी तशी आणली म्हणून नाक मुरडू नये. रोज उघड्यावर वाजवणाऱ्याची सोय त्याची त्याला कळते.

मेकअपची खोली बंद दाराची, आतून कडी असलेली, आरसा, पाणी, चालू स्थितीतलं स्वच्छतागृह. बायका असतील तर त्या दाराशी मंडळातल्याच एका ताईंनी बसायचं, कार्यकर्त्यांनी नाही. आणि स्टेजवर नोटा उधळणं चालणार नाही, हे निवेदकाने सुरुवातीलाच सांगायचं. बक्षीस द्यायचं असेल तर पेटीत टाका, सगळ्या पथकाला जाईल.

वेळापत्रक, आणि सत्काराचं काय करायचं

दहापासून मागे मोजत या. नऊ पंचेचाळीसला आरती. त्याआधी सव्वा तास गोंधळ, म्हणजे साडेआठ. त्याआधी दहा मिनिटं चहा आणि वाद्यं शेकणं. आठच्या आधी अर्धा तास भारूड, नंतर वीस मिनिटं पोवाडा. सात ते सव्वासात ओव्या, मग पथक बदलायला थोडी फट. साडेसहाला लोक जमत असताना गावातलं भजनी मंडळ, कोणतीही घोषणा न करता. टाळ ऐकून माणसं आपोआप येतात, आणि वेळेवर आलेल्याला रिकामं बसावं लागत नाही.

सत्कार हा आपल्याकडचा साथीचा आजार आहे. तो पूर्ण टाळता येत नाही, हे आम्ही मान्य केलंय. म्हणून तो चहाच्या दहा मिनिटांत टाकला. पाहुण्यांना आधीच कळवतो : आपण सातपासून सतरंजीवर बसायचं, चहाच्या वेळी नारळ, भाषण नाही. दोन वर्षं काही मंडळी रुसली. तिसऱ्या वर्षी त्यांतलेच एक सतरंजीवर बसून भारुडात टोपी घालवून घेत होते.

निवेदकाने तीनच गोष्टी सांगायच्या : नाव-गाव, कोणाकडून शिकले, हातातलं वाद्य कोणतं. शेरोशायरी नको. एकनाथांपासून सुरुवात करून लोककलेची महती तर नकोच, समोर भारूड उभं आहे.

उठल्यानंतर

उरलेली बिदागी जेवणाआधी, मोजून, पाकिटात. "उद्या ट्रान्सफर करतो" हे वाक्य मंडळातून हद्दपार करा. रात्री परत जायचं असेल तर गाडीत डिझेल भरलेलं आहे का ते तुम्ही बघा.

व्हिडिओ काढला असेल तर तो टाकण्याआधी विचारा. सादर करणाऱ्याचा स्वतःच्या सादरीकरणावर कायद्याने हक्क असतो, तो ५० वर्षं टिकतो. विचारलं तर सहसा हो म्हणतात, पण एखादा म्होरक्या "आख्यान पुरतं नका टाकू" म्हणतो, आणि तेच त्याचं पोट असतं. मूळ फाइल त्यांच्या घरातल्या पोराच्या मोबाइलवर पाठवून द्या.

शेवटी एक कागद. आमच्या संबळवाल्या काकांनी एकदा ट्रंक उघडून दाखवली. अकरा शाली निघाल्या, एकही प्रमाणपत्र नाही. राज्य शासनाची राजर्षी शाहू महाराज ज्येष्ठ साहित्यिक व कलावंत मानधन योजना आहे, तिच्या अर्जाला कलेत किती वर्षं काढली याचे पुरावे लागतात. आयुष्यभर वाजवलेल्या माणसाकडे पुरावा म्हणून काय असणार? तेव्हापासून आम्ही शाल बंद केली. मंडळाच्या लेटरहेडवर पत्र देतो : आधारवर असेल तसंच पूर्ण नाव, गाव, कलाप्रकार, वाद्य, कार्यक्रमाची तारीख आणि ठिकाण, सही, शिक्का. सोबत वाद्य हातात असलेला एक फोटो, मागे तारीख लिहून. मागच्या वर्षांची पत्रं राहिली असतील तर तीही आता करून द्या, पोलीस परवानगीची प्रत जोडली की तारखेला आधार मिळतो. म्हणून ती पोचेची प्रत फेकू नका, फाइलला लावून ठेवा.